नादिर यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स

जबाब. दि. १० नोव्हेंबर २०२५, सकाळी ११.२०

मी, राहीबाई लालासाहेब जगदाळे, वय ६७ वर्षे, धंदा खानावळ, राहणार करंजे, सातारा. साहेबांनी विचारलं म्हणून समक्ष हजर राहून सांगते की,

माझ्या खानावळीच्या वरच्या खोलीत बासिल नादिर, वय २२, हा पॅलेस्टाईनमधल्या नाबलुस शहरचा मुलगा तीन वर्षांपासून भाड्यानं राहतो. औषधांच्या कॉलेजात शिकतो. त्याची नोंद दरवर्षी पोलीस ठाण्यात दिलेली आहे. आमटी तिखट झाली तर "काकू, लय जाळ हाय" म्हणतो, बाकी त्याची कसली कुरकुर नाही.

गुरुवारी, ६ तारखेला, दुपारी एकच्या सुमारास तो ताटावर असताना फोन आला. सकाळी त्याच्या गावात इस्रायलची फौज शिरली होती. तिकडं ती कधीही शिरते, असं तो सांगतो. वडील साबणाच्या दुकानाचं शटर ओढायला गेले, तिथं त्यांना गोळी लागली. अँब्युलन्स फौजेनं नाक्यावर अडवून ठेवली होती, तोवर ते गेले. बासिलनं हात धुतले, ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं. गेला तर परत येऊ देतील याची खात्री नाही, म्हणून गेला नाही. माती त्यानं मोबाइलवर बघितली.

त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. गल्लीतून पिठलं-भाकरी आली. शेजारच्या तानाजी मानेला मी म्हणाले, "पोराचं हितं कोन हाय? चौकात फोटू तरी लाव." आमच्यात माणूस गेलं की तसा फ्लेक्स लावतातच. माझे मालक फौजेत असताना गेले, तेव्हा त्याच जागी फळ्यावर खडूनं नाव लिहिलं होतं. फोटो मी बासिलच्या भिंतीवरनं काढून दिला. त्याला विचारलं नाही. तानाजीनं 'शोकाकुल'खाली अख्खी गल्ली छापली, स्वतःचं नाव सगळ्यात मोठं.

शुक्रवारी सायंकाळी पाचला बासिल फ्लेक्ससमोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "काकू, काढा. आमच्याकडं पण लावतात. मग फौज येते, फाडते, घरात शिरते. आई एकटी हाय तिकडं."

तानाजी म्हणाला, "आरं गड्या, सातारा हाय ह्यो. हितं कोन येतंय?" तरी शिडी लावून त्यानं काढला. तोवर कुणीतरी त्याचा फोटो मोबाइलवर फिरवला होता आणि परदेशी पोरानं फ्लेक्स लावला, अशी इथं तक्रार आली होती.

शनिवारी इथं ठाण्यात बासिलचा पासपोर्ट जमा करून घेतला. त्याच्या राहण्याची मुदत ३० तारखेला संपते. ती वाढली नाही तर परीक्षा बुडेल आणि त्याला तिकडं जावं लागेल. हे मला विचारलेलं नाही, मीच सांगते.

परवानगीशिवाय फ्लेक्स लावणं गुन्हा असेल तर तो माझा. फ्लेक्स ठाण्यात जमा आहे. काढताना बासिलनं वडिलांच्या तोंडावर घडी पडू दिली नाही, गुंडाळून घेतला. तसाच ठेवावा.

जबाब हवालदारांनी दोनदा वाचून दाखवला. पहिल्या खेपेस 'सदर विदेशी नागरिकाने फलक लावला' असं होतं. ते खोडायला लावून माझं नाव घातलं. खोडलेल्या जागी अंगठा मागितला, पण मला लिहिता येतं, मी सही केली. आता बरोबर आहे.