गिटार आणि झोक्याची दोरी

खरं सांगू, आई म्हणून मी रोज दुपारी नापास व्हायचे. मी झोका द्यायला लागले की चिनू डोळे टक्क उघडायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, असे हिसके काहून देतीस? भेतंय ना लेकरू."

त्या दिवशी त्या तलवाड्याला गेल्या होत्या. मी झोक्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली, भावाने दिलेली टीव्हीवरच्या गेमची बटणांची गिटार गळ्यात अडकवली आणि टीव्हीचा आवाज अगदी बारीक केला. पडद्यावर रंगीत ठिपके संथ उतरत होते. बोटं बटणं दाबत होती, पाय आपोआप ठेका धरत होता. पडद्यावरची गर्दी हात हलवत होती. मी कुठे होते कोण जाणे, गेवराईत तरी नव्हते.

गाणं संपलं. वळून बघते तर दारात सासूबाई! मी गिटार ओढणीखाली लपवायला गेले. ती काय ओढणीत मावतेय!

"थांबू नको," त्या कुजबुजल्या. "लई गाढ झोपलीय. आणखी एक वाजीव."

दुसरं गाणं संपेपर्यंत त्याही भिंतीला टेकून झोपल्या होत्या.

तिसरं मी माझ्यासाठी वाजवलं.