पिवळी ढेप

(गडमुडशिंगीच्या शिवारातलं गुऱ्हाळ. संक्रांत तोंडावर आलेली, ऊन कलायला लागलेलं. रस उकळायच्या काहिलीशेजारी कॅमेरा, दिवे, आणि खुर्चीत नटवून बसवलेली आक्का.)

आक्का : थू! साखर हाय ह्यात! ऋतुराज, हिकडं ये आधी. साखरेचा चहा पाजायलाय मला तुमची माणसं!

मोना : आक्का, मी कट म्हणेपर्यंत थांबायचं ना! किती छान घोट घेतला होता तुम्ही.

आक्का : बाई, तू पुण्याहून आलेली डायरेक्टर, तुझा मान हाय. पण जाहिरात गुळाची आन् कपात साखर? देवळात बसून देवाला शिव्या घालण्यातली गत झाली की ही.

मोना : गुळाचा चहा दोनदा फाटला. कपात चोथा दिसत होता. बघणाऱ्याला कसं वाटायला हवं? सकाळची वेळ, गावाकडचं घर, निवांतपणा. फाटलेला चहा कोण पिणार?

ऋतुराज : आक्के, चहा कोण चाखून बघणार हाय का मोबाइलमधनं? बस की गप. कॅमेरा रातच्याला परत जाणार हाय आन् परवा व्हिडिओ लोकांम्होरं यायचाय. संक्रांत गेल्यावर गुळाला कोण इचारतंय?

आक्का : बरं बाबा. चहाचं सोडलं. आता काय करायचं, सांग बाई.

मोना : आता ही ढेप मांडीवर घ्यायची, तिच्यावरून हात फिरवायचा आणि म्हणायचं, 'ह्यो आमच्या घरचा गूळ.' बस्स.

आक्का : कुठली ढेप?

मोना : ही. तुमच्यासमोर ठेवलेली.

आक्का : ही पिवळी? ही आमची न्हवं. रुत्या, कुणाची आणलीस रं ही?

ऋतुराज : बाजारातनं आणली.

आक्का : आपल्या गुऱ्हाळात बाजारातली ढेप?

मोना : आक्का, तुमची ढेप मी लावून बघितली. खरंच सांगते, स्क्रीनवर डांबराचा गोळा दिसतो. या पिवळीवर ऊन पडलं की सोनं.

आक्का : सोनं न्हवं बाई, केमिकलची पावडर हाय ती. रसात पावडर टाकली की गूळ पिवळा पडतोय. आमी पण टाकत हुतो, आन् सौद्यात आमचाच गूळ पयला उचलायची माणसं. बंद का केली, म्हाईत हाय का ह्याला? इचार.

ऋतुराज : आता नको आक्के.

आक्का : का नको? ह्यो एवढा हुता. काहिलीपशी बसून गरम गूळ बोटानं चाटायचा. ह्याची आई, माझी सून वर्षा, पावडरीचा डबा हातात घिऊन उभारलीती. म्हणली, आक्का, माझं पोर खातंय की ओ ह्ये. तवाच टाकला डबा वढ्यात. त्या वर्षी काळ्या ढेपा घिऊन सौद्याला गेलो, तर अडत्या म्हणतोय, ह्या जनावरांस्नी घाला. गाडी भरलेली परत आणली. पर दुसऱ्या साली पुन्यांदा काळाच गूळ केला तिनं.

ऋतुराज : केलासा की! दोघींनी केलासा काळा गूळ, आन् विकायला कोण फिरलं? मी! दुकानदार गुळाचा डबा उघडून वास घ्येतोय, जळलाय म्हणून परत करतोय. आई गेली ती गोदामातल्या ढेपा मोजत गेली. अभिमानानं पोट भरतंय व्हय?

आक्का : म्हणून खोटं दावायचं?

ऋतुराज : मालात पावडर घालतोय का मी? माल काळाच देतोय की! नुसतं दिसायला पिवळा.

आक्का : आन् गिऱ्हाइकानं डबा उघडल्यावर?

ऋतुराज : तवर इकलेला असंल.

आक्का : ऐकलंस का गं बाई? ह्यो आमचा वाढवलेला. त्या डब्यावर नाव कुणाचं हाय रं? 'आक्काचा गूळ.' मला इचारून घातलंस? न्हाय. मी काय बोलले? न्हाय. पर ही ढेप मांडीवर घिऊन मी आमची म्हणणार न्हाय. काळी आण, दिवसभर बसते.

मोना : तासाभराचा उजेड उरलाय, ऋतुराज. तुम्ही ठरवा. नाहीतर आपल्या मेकअपच्या प्रियदर्शनीताई आहेत. केस पांढरे करू, कपाळावर दोन सुरकुत्या काढू. त्या म्हणतील.

आक्का : काय म्हणतील?

मोना : तुमचं वाक्य. आक्का म्हणून.

आक्का : रुत्या?

ऋतुराज : ...बसवा मॅडम त्यास्नी.

आक्का : बसवा! व्हय, बसवा की!

ऋतुराज : आक्के, तुझं इरकल लागंल. पेटीतलं.

आक्का : घ्या. मीच नेसवते. तुमच्या बाईला काष्टा जमायचा न्हाय आन् उगं माझ्या नावानं लोक हासायचे. या बाई, उभारा सरळ. पोट आत घ्या. तुमच्यावर राग न्हाय माझा, पोटासाठी आलाईसा. हां. झालं. बसा माझ्या खुर्चीत.

मोना : वा! अगदी हुबेहूब. ऋतुराज, तुम्ही मागून यायचं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, 'आक्का, तुझ्या हातची गोडी कशातच न्हाय.' मग त्या ढेपेवर हात फिरवतील. रोल. ॲक्शन!... काय झालं?

ऋतुराज : काय न्हाय. पुन्यांदा घ्या.

मोना : ॲक्शन!... अहो, बोला ना! ऊन चाललंय.

ऋतुराज : बोलतोय की मॅडम.

मोना : खांद्यावर हात ठेवलाय, आता फक्त हाक मारा. कुठे बघताय तुम्ही? कॅमेऱ्याच्या मागे काय आहे?

ऋतुराज : आक्का तिथं उभारलीया.

आक्का : म्हण की रं. मी चुलवाणाच्या जाळाकडं तोंड करून बसते.