आत न जाता लिहिलेली बातमी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय कुलगुरू महोदय, पत्रकारिता आणि माध्यमसंवाद विभागाचे प्रमुख, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे आम्हा सगळ्यांच्या मॅडम, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान आणि कन्या, विभागातले शिक्षक आणि कार्यालयीन कर्मचारी, माझ्यासारखे जुने विद्यार्थी, आणि हजेरी लागणार आहे असं कळल्यामुळे आलेले नवे विद्यार्थी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘यशस्वी माजी विद्यार्थी’ असं छापलं आहे. मॅडमच्या वर्गात हा शब्द टिकला नसता. त्यांनी समासात दोनच शब्द लिहिले असते, ‘कोण म्हणालं?’ वृत्तसंकलनाच्या आमच्या प्रत्येक कागदावर हे दोन शब्द असायचे. ‘शहरात घबराट पसरली आहे.’ कोण म्हणालं? ‘नागरिकांमध्ये संताप आहे.’ कोण म्हणालं? एकाने वैतागून ‘आज सूर्य पूर्वेला उगवला’ असं लिहून दिलं, तर त्याच्यापुढेही तेच. तो म्हणाला, “मॅडम, हे सगळ्यांना माहीत आहे.” त्या म्हणाल्या, “मग बातमी कशाला केलीस?” त्यांचं टोपणनाव काय पडलं असेल, हे मी वेगळं सांगायला नको.

तेव्हाचा विभाग आजच्यासारखा नव्हता. ग्रंथालयाच्या इमारतीत तळघराच्या तीन खोल्या. अकरा संगणक, त्यांतले सात चालू. ध्वनिमुद्रणाची खोली होती, पण शेजारून पाण्याचा पाइप गेलेला, त्यामुळे आमच्या प्रत्येक मुलाखतीत मधेच कुणीतरी वरच्या मजल्यावर हात धुवायचं. दर पंधरा दिवसांनी आम्ही चार पानांचं एक पाक्षिक काढत असू. बातम्या आमच्या, मांडणी आमची, चुका आमच्या. संपादक म्हणून नाव मॅडमचं.

आज मॅडमच्या गुणांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. मला फक्त एक घडलेली गोष्ट सांगायची आहे. ती माझ्या फारशी फायद्याची नाही. पण दहा मिनिटं दिली आहेत, आणि एवढ्या वेळात खरं सांगण्यासारखं माझ्याकडे तेवढंच आहे.

मी दुसऱ्या वर्षाला होतो. एका सकाळी उतारावर शहर बससेवेची एक बस सुटली, फुटपाथवर चढली आणि शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीला धडकली. नऊ जण जखमी झाले. एका कॉलेजच्या मुलीचा पाय दोन ठिकाणी मोडला. ड्रायव्हरला त्याच दिवशी निलंबित केलं. सगळ्या वर्तमानपत्रांत भिंतीचे फोटो आले. मला वाटलं, आपण वेगळं करू. आपण ड्रायव्हरच्या घरी जाऊ.

कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. बेल वाजवली. त्यांच्या पत्नीने दार अर्धं उघडलं. हातात इस्त्रीचा शर्ट होता, तो त्यांनी खाली ठेवला नाही. मी ओळख सांगितली. त्या जेमतेम दोन मिनिटं बोलल्या. सतरा वर्षं नोकरी झाली आहे, मुलीची परीक्षा सुरू आहे, असं काहीसं. मी विचारलं, “काकू, त्या दिवशी नेमकं काय झालं?” तर म्हणाल्या, “मला काय माहीत? त्यांनाच विचारा. ते आत आहेत.”

आतून खोकल्याचा आवाज आला. खुर्ची सरकल्याचा आला.

मी आत गेलो नाही.

का गेलो नाही, हा प्रश्न मला नंतर बऱ्याच जणांनी विचारला. खरं उत्तर अगदी साधं आहे. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. अर्धं उघडं दार, हातातला शर्ट, खोकला. लेख डोक्यात तयार झाला होता. आत जाऊन तो माणूस काही वेगळंच बोलला असता, तर लेख बिघडला असता. शिवाय पाच वाजता मजकूर द्यायचा होता.

लेख चांगला झाला. हे मी आज तटस्थपणे सांगू शकतो. फक्त शेवट पडत होता. म्हणून मी त्या बाईंच्या तोंडी दोन वाक्यं घातली. “आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता त्यांच्या. तरी वेळेवर निघाले, म्हणाले, थांब्यावर लोक खोळंबतात.” बिचाऱ्या ड्रायव्हरविषयी लोकांना माया वाटावी, एवढाच हेतू होता. हेतू चांगला होता, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

त्या लेखावर मॅडमनी काहीच लिहिलं नाही. पहिल्यांदाच माझा कागद कोराच्या कोरा परत आला. मी तो मित्रांना दाखवत हिंडलो.

पाक्षिकात लेख आला. शहरातलं एक मोठं दैनिक दर महिन्याला आमच्यातला एक लेख पुन्हा छापायचं. त्यांनी हा उचलला आणि तिसऱ्या पानावर माझ्या नावासकट लावला. आठवड्याने तिथल्या संपादकांचा फोन आला. “परीक्षा झाली की पहिल्या तारखेपासून ये.” आमच्या घरी तोवर कुणी वर्तमानपत्रात काम केलं नव्हतं, टाकायचं काम धरून. आईने ते कात्रण प्लॅस्टिकमध्ये घालून काचेच्या कपाटात उभं केलं, चांगले कप मागे सरकवून.

त्यानंतर साधारण पंधरा दिवसांनी मला वर्गातून बोलावणं आलं. मॅडमच्या खोलीत ड्रायव्हरच्या पत्नी बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर त्याच लेखाचं कात्रण. बससेवेच्या चौकशी अधिकाऱ्यांनी ते फाइलला जोडलं होतं. झोप झालेली नसताना गाडी चालवली, घरच्याच माणसाने कबूल केलं आहे, असा त्याचा अर्थ काढला होता. आता विषय निलंबनाचा राहिला नव्हता, नोकरीच जाणार होती.

त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. मॅडमकडे बघूनच म्हणाल्या, “हे मी बोलले असेन, तर मला आठवत कसं नाही? घरात सगळे मला विचारतात, तू असं का सांगितलंस म्हणून. ह्यांनी तर बोलणंच टाकलंय. मी विचार करकरून थकले. याला विचारा, मी असं म्हटलं होतं का?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “तसंच काहीसं म्हणाल्या होत्या.”

“वही आण,” मॅडम म्हणाल्या.

वही आणायला मला वर्गात जाऊन यायचं होतं. वाटेत ती हरवता येईल का, हा विचार मी केला. पण आणली. मॅडमनी पान शोधलं आणि शिकवताना वाचतात तशा आवाजात वाचलं. “सतरा वर्षं नोकरी. मुलीची परीक्षा. हातात निळा शर्ट. त्यांनाच विचारा, ते आत आहेत.” पुढचं पान उलटून पाहिलं. तिथे दुसऱ्या विषयाच्या नोट्स होत्या.

“मग आत का नाही गेलास?”

मी वही परत घ्यायला हात पुढे केला.

काकूंनी पदराने डोळे टिपले. मला वाटलं, आता त्या शिव्या घालतील. त्या म्हणाल्या, “म्हणजे मी नव्हते म्हटलं. बरं झालं.” आणि त्या एवढ्या मोकळ्या श्वासाने म्हणाल्या, की त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

त्या गेल्यावर मॅडम म्हणाल्या, “चौकशी गुरुवारी आहे. अकरा वाजता. तू जायचंस आणि सांगायचंस.”

“मॅडम, माझी नोकरी जाईल.”

“हो, जाईल,” त्या म्हणाल्या. “त्यांचीही जाते आहे.”

मी म्हटलं, नुसतं पत्र पाठवलं तर? त्या म्हणाल्या, “लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचे दिवस तुझे सध्या नाहीत. तोंडाने सांग.”

गुरुवारी त्या माझ्याबरोबर आल्या. बसडेपोच्या वरच्या मजल्यावरची खोली. खिडकीतून खाली गाड्या धुताना दिसत होत्या. समोरच्या बाकावर एक ठेंगणा, टक्कल पडलेला माणूस हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. ज्याच्यावर मी आठशे शब्द लिहिले होते, त्याला मी तेव्हा पहिल्यांदा पाहत होतो.

अधिकारी म्हणाले, “म्हणजे ही वाक्यं बाई बोलल्या नाहीत?”

“नाही.”

“तुम्ही मनाने लिहिलीत?”

“हो.”

“कशासाठी?”

मला मोठं काहीतरी सांगायचं होतं. सहानुभूती, समाज वगैरे. तोंडातून आलं, “चांगलं वाटलं म्हणून.”

कारकुनाने ते तसंच उतरवून घेतलं, ‘चांगलं वाटलं म्हणून.’ माझ्या आयुष्यात माझं बोलणं इतकं अचूक दुसऱ्या कुणी उतरवून घेतलेलं नाही.

बाहेर व्हरांड्यात मी ड्रायव्हरकाकांची माफी मागितली. ते कठड्याशी गेले, खाली धुतल्या जाणाऱ्या गाड्या बघू लागले. मग म्हणाले, “त्या दिवशी मी आत वाट बघत होतो. म्हटलं, पोरगं येईल, विचारेल. उठून शर्टसुद्धा घातला. ब्रेकची तक्रार मी अपघाताच्या दोन दिवस आधी लिहून दिली होती. वर्कशॉपच्या नोंदवहीत आहे, माझ्या अक्षरात. कुणी विचारायलाच आलं नाही.”

मित्रहो, शहरातल्या सगळ्या वर्तमानपत्रांना जी बातमी मिळाली नाही, ती माझ्यापासून एका दाराच्या अंतरावर होती. आणि मी तिला टाळून घरी आलो होतो, कारण मला लेख लिहायचा होता.

ती नोंदवही चौकशीत मागवली गेली. तक्रार सापडली. तिच्यापुढे वर्कशॉपमधल्या कुणाचीच सही नव्हती, म्हणजे ब्रेक कुणी तपासलेच नव्हते. सात महिन्यांनी ड्रायव्हरकाका कामावर परत घेतले गेले. मात्र गाडी त्यांनी पुन्हा चालवली नाही, डेपोतच काम मागून घेतलं. त्या मुलीचा पाय पूर्ण बरा झाला नाही. सगळं सुरळीत झालं असं मी सांगितलं, तर ते पुन्हा मनाचंच होईल.

आमच्या पाक्षिकात पहिल्या पानावर खुलासा आला, मूळ लेखाच्याच अक्षरांत आणि तेवढ्याच जागेत. तो मीच लिहिला. मॅडमनी सहा वेळा परत केला. मोठ्या दैनिकाने नवव्या पानावर चार ओळी दिल्या. त्यांच्या संपादकांनी फोनवर एवढंच सांगितलं, “पहिल्या तारखेचं आता राहू दे.” आईला सगळं सांगितलं, तेव्हा ती कपाटापाशी उभी राहून म्हणाली, “एवढी दोनच वाक्यं खोटी ना? बाकीचं राहू दे की.” मग थोड्या वेळाने तिनेच कप पुढे घेतले.

मला काम मिळायला दोन वर्षं लागली. एका छोट्या साप्ताहिकात लागलो, मुद्रितं तपासायला. आज एका दैनिकाचा वृत्तविभाग बघतो. एवढंच माझं यश.

मला वाटायचं, त्या प्रकरणात किंमत मोजली ती मी. वीस वर्षं मी हेच समजून चाललो, आणि मनातल्या मनात मॅडमवर थोडा रागही होता, की सांगायला काय जातं, नोकरी माझी गेली. गेल्या महिन्यात विभागाच्या कार्यालयातून मला मॅडमच्या सेवेची माहिती पाठवण्यात आली, या भाषणासाठी. त्या कागदांत एका पत्राची प्रत होती. चौकशीच्या आदल्या दिवशीची तारीख. तेव्हा विभागप्रमुखपदासाठी मॅडमचं नाव जवळजवळ ठरलं होतं. आताचे विभागप्रमुख तेव्हा इथे नव्हते, त्यामुळे त्यांनी अस्वस्थ होऊ नये. पत्र विद्यापीठाला लिहिलेलं आहे. पाक्षिकात खोटी विधानं छापली गेल्याचं कळवून मॅडम पुढे लिहितात, “संपादक म्हणून लेख मी तपासला. विद्यार्थ्याची वही मागितली नाही. लेख मला आवडला होता, हे त्याचं कारण आहे. जबाबदारी माझी धरावी.”

ती धरली गेली. ते पद त्यांना त्या वर्षी मिळालं नाही, नंतरही मिळालं नाही.

हे कुणी मागितलं नव्हतं. विद्यापीठाने विचारलंही नव्हतं. आणि त्यानंतर परीक्षेपर्यंत त्या मला रोज शिकवत होत्या.

सोमवारी मी त्यांच्या घरी गेलो. पत्र पुढे ठेवलं. विचारलं, “मॅडम, हे मला कधी सांगितलं का नाहीत?”

त्यांनी चष्मा लावून स्वतःचं पत्र वाचलं, एका ठिकाणचा अनुस्वार नीट केला, आणि म्हणाल्या, “तुला सांगून काय झालं असतं? तू त्याच्यावर आणखी एक लेख लिहिला असतास.”

आज तो मी वाचून दाखवला, त्यांची परवानगी घेऊन. त्यांनी एकच अट घातली होती, की मध्ये कुठे रडायचं नाही.

मॅडम, आपल्या पुढच्या दिवसांना आम्हा सर्वांच्या शुभेच्छा. मला बोलावल्याबद्दल विभागाचा, आणि इतका वेळ घड्याळ न दाखवल्याबद्दल अध्यक्षांचा मी आभारी आहे. बोलताना मानपानात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावं. तपशिलात चूक आढळली, तर मात्र माफ करू नये. ती मला कळवावी. नमस्कार.