बिनफीचं कार्ड

डहाणूच्या बँकेत माझ्यापुढे घोलवडच्या नर्सरीवाल्या हिरकणीकाकू आणि त्यांचा मुलगा जतीन उभे होते. काउंटरमागची ऋचा कार्डांची माहिती सांगत होती.

"काकू, हे प्रवासाचं कार्ड घ्या. विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट बसता येतं."

"मला बसायचं नाही, जायचंय. वर्षाची फी किती?"

"तीन हजार."

"मग फुकट कसलं? बिनफीचं दाखव."

"त्यात पॉइंट कमी मिळतात, काकू. विमानाच्या तिकिटापुरते जमायला वेळ लागेल."

"लागू दे. किराणा, नर्सरीचं खत, सगळं त्यावरच घेईन. बिल वेळेवर पूर्ण भरलं की व्याज नाही ना?"

"नाही."

"आई, या वयात कार्ड कशाला? कुठे जायचंय ते सांग, मी नेईन."

"बाबा गेल्यापासून 'नेईन' म्हणतोयस, जतीन. आपण अजून वापीच्या पुढे गेलो नाही."

"मग एकटी जाणार?"

"जयवंतीमावशी आहे की."

"कुठे पण?"

"शिलाँगला."

"तिथे काय आहे?"

"तेच बघायला जायचंय."

"मॅडम, कार्ड माझ्या नावावर करा. आईला ॲड-ऑन द्या."

"ॲड-ऑन म्हणजे काय गं, ऋचा?"

"म्हणजे काकू, कार्ड जतीनभाईंचं. तुम्हाला वापरता येईल, पण पॉइंट त्यांच्या खात्यात जमतील."

हिरकणीकाकूंनी पिशवीतून आपलं पॅनकार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

"नर्सरी माझ्या नावावर आहे, टॅक्स मी भरते. कार्डही माझंच कर. ॲड-ऑन हवं तर याला दे."