फेस गेला का?

नाही नाही नाही, झाकणाला हात लावायचा नाही! अजून फेस आहे! भूक लागलीय म्हणता? मला काय दिसत नाही? तुम्ही सगळे त्या निळ्या ट्रकमधून आलात, ओरुरो शहरापासून इथपर्यंत धूळ खाल्लीत, आता पोटात कावळे ओरडतायत, सगळं कबूल... पण किनोआ सात पाण्यांनी धुवायचा, आठव्या पाण्यात फेस दिसला की पुन्हा एकपासून मोजायचं, हा या घरचा कायदा आहे. कायदा कोणी केला? माझ्या बायकोनं! मोडला कोणी? मी! आणि तो निळा ट्रक कोणाचा होता? माझा! होता म्हणतोय मी, ऐकू आलं ना? बसा त्या लोकरीच्या गठ्ठ्यांवर, सांगतो.

एक वाक्य हो! माणसानं जेवण झाल्यावर एक वाक्य कमी बोलावं, एवढंच शिकलोय मी आयुष्यात. झालं काय, सहा महिन्यांपूर्वी असाच जेवलो, पिस्की होती, म्हणजे किनोआ शिजवून, दुधात घोटघोटून, वर चीज कुस्करलेलं, बाजूला किनोआच्याच कोवळ्या पाल्याची भाजी, दोन वाट्या हाणल्या, ढेकर दिला, तिथंच थांबायचं की नाही? पण नाही! मेल्चोरा, माझी बायको, म्हणाली, "सकाळपासून धुतेय रे, पाठ मोडली माझी." आणि मी दात कोरत म्हणालो, "त्यात काय एवढं? धुवायचं, उकळायचं, झालं!"

"झालं?" म्हणाली ती.

ती नुसतं 'झालं?' म्हणाली ना, तेव्हाच मी उठून ट्रकखाली जाऊन झोपायला हवं होतं! बावीस वर्षांचा संसार, तिचे सगळे आवाज मला पाठ आहेत, हा नवीन होता. तिनं कमरेचा एप्रन सोडला, माझ्या गळ्यात बांधला, गाठ अशी मारली की मला वाटलं फास लागतोय. "रविवारी आई येतेय. पिस्की तू करायचीस, पाल्याची भाजी तू करायचीस. आई जेवून उठली आणि तिच्या वाटीत काही म्हणजे काहीही उरलं नाही, तर चूल माझी, ट्रक तुझा. उरलं, तर चूल तुझी, किल्ली माझी."

मी हसलो हो! म्हटलं, "तुला कुठं चालवता येतो ट्रक?" तर तिनं डोक्यावरची टोपी काढली आणि टोपीच्या आतून, तुम्हाला सांगतो, लायसन्स काढलं! फोटोसकट! आठ महिने झाले होते म्हणे मिळून. आठ महिने ही बाई ते डोक्यावर घेऊन माझ्यासमोर सूप ढवळत होती! टोपी घातली, निकाल लागेपर्यंत म्हणून ट्रकची किल्ली उचलली आणि गेली बहिणीकडे ओरुरोला, ती थेट रविवारी आईला घेऊनच येणार म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, फाउस्तो, ट्रकच तो, एवढं काय? एवढं काय? अहो, त्याचा तिसरा गिअर फक्त माझं ऐकतो! दुसरा कोणी बसला तर घोड्यासारखा खिंकाळतो. त्याच्या आरशाला लाल लोकरीचा गोंडा मी बांधलाय. त्या सीटला माझ्या बैठकीचा खड्डा पडलाय, बावीस वर्षांत पडलेला! लोकांचं काळीज शहरात गेलेल्या पोरांपाशी असतं, माझं त्या खड्ड्यात असतं.

तर उजाडला रविवार. कोपऱ्यात दोन पोती. एकाला लाल दोरी, एकाला निळी. मी लाल सोडलं. का? जवळ होतं म्हणून! पुरुषाला आणखी काय कारण लागतं? टबात ओतलं, पाणी सोडलं, हात फिरवला... आणि आला की हो फेस! मऊ, पांढरा, दाट. मी खूश! लहानपणापासून ऐकलंय, किनोआचा कडूपणा फेसातून निघतो, फेस गेला की कडू गेलं. पहिलं पाणी टाकलं. दुसरं टाकलं. फेस. पाचवं, फेस. नववं, दहावं... अहो, फेस कमी व्हायचा सोडून वाढतोय! आता आमच्या वायलुमा गावात पाणी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे, सकाळी दोन तास नळ, टाकीत असेल तेवढं, मग दुसऱ्या दिवशीपर्यंत तोंडाकडे बघत बसा. आणि मी आपला सोडतोय पाणी, सोडतोय पाणी, आणि फेस अंगणातून फाटकाखालून गल्लीत!

तेवढ्यात शेजारच्या कासिमिराचं डोकं भिंतीवर आलं. "फाउस्तो, फेस गेला का?"

"नाही गेला!"

"मग थांब जरा हं, टाकून नको देऊस." आणि आली की तीन घागरे घेऊन! किनोआच्या पाण्यात कपडे काय लख्ख निघतात, हे तिला का सांगायला हवं? तिच्या मागून तिची नणंद, ती घोंगड्या घेऊन. नणंदेच्या मागून बँडवाले, त्यांचे गणवेश घेऊन, जत्रा दोन दिवसांवर आली होती ना! देवळातनं संत सांतियागोच्या मूर्तीचा झगा आणला, त्याच्या घोड्याची शेपूट आणली, खोटी आहे ती, काढता येते. पंच सेवेरोचा कुत्रा, जो काळा आहे अशी गावाची बारा वर्षांची समजूत, तो त्या फेसातनं पलीकडे गेला आणि तांबडा निघाला! सगळं गाव धुऊन निघालं हो, किनोआ तेवढा राहिला!

आणि जो येतो तो काय विचारतो? "फेस गेला का?" काळजीनं नाही! जाऊ नये म्हणून!

म्हटलं, हे चालू दे, तोवर पाला आणतो. डिसेंबर महिना, शेतात रोपं वीतभर झालेली, दाटी झाली की विरळणी करायची, उपटलेल्या रोपांचा पाला भाजीला, हे कोणाला माहीत नाही? घोंगडी भरून पाला आणला. डोंगर हो! उचलताना कंबर लचकली. भांड्यात कोंबला, खाली मीठपाणी, वर झाकण, झाकण बसेना म्हणून त्यावर दगड, आणि चढवला चुलीवर. दहा मिनिटांनी उघडतो तर काय? एवढीशी मूठ! मूठ पण माझी नाही, पोराची! मी भांड्याच्या खाली बघितलं, कुठं भोकबिक आहे का म्हणून! गेलो परत शेतात. दुसरा डोंगर. दुसरी मूठ. तिसऱ्या खेपेला विरळणीची रोपं संपली, मग म्हटलं चांगल्यातलं थोडं घेऊ, थोडं घेऊ, थोडं घेऊ... मागं वळून बघतो तर अख्खी एक ओळ माझ्या बापाच्या टकलासारखी चकचकीत! आणि हातात काय? तीन मुठी भाजी.

घरी परत येतो तर नळ बंद. आणि नळापाशी सेवेरो. हा आमचा पाण्याचा पंच, गावानं निवडलेला, गळ्यात शिट्टी, हातात काठी, शेजारी तांबडा कुत्रा. "फाउस्तो कोल्के," पूर्ण नाव घेतलं की समजायचं, "टाकी रिकामी. तू गावाचं पाणी फेसात घातलंस."

"अहो पंच, फेस जात नाही त्याला मी काय करू?"

"आणि हा कोणाचा कुत्रा?"

"तुमचाच."

"माझा काळा आहे!" बोला आता!

तर असा देखावा, अंगणात बायका घागरे पिळतायत, संताचा झगा माझ्या ट्रकच्या दांडीवर वाळतोय, पंच कुत्र्याकडे संशयानं बघतोय, गळ्यात एप्रन घातलेला मी मधोमध, आणि फाटकात कोण? मेल्चोरा! आणि तिच्या पुढं सासूबाई! नेमेसिया सासूबाई म्हणजे, तुम्हाला सांगतो, चार फूट उंची, पण समोर आल्या की आपणच आपोआप पाच इंच खाली जातो. त्या कोणाशी बोलल्या नाहीत. टबापाशी आल्या, फेस फुंकला, एक दाणा दाताखाली घेतला, थुंकल्या. थुंकल्या त्या पार रस्त्यापर्यंत!

"जावईबापू, कोणत्या पोत्यातला हा?"

"लाल दोरीच्या."

कासिमिरानं घागरा पिळायचा थांबवला.

"लाल दोरीचं बियाणं आहे," सासूबाई म्हणाल्या. "गारठ्यानं रोपं गेली तर दुबार पेरायला राखलेलं. ना भाजलंय, ना तुडवलंय. साल तशीच. हा तुम्ही पुढच्या जत्रेपर्यंत धुतला असता ना, तरी पुढच्या जत्रेचे कपडे निघाले असते. पसरा तो आधी उन्हात, घोंगडीवर, पातळ! मोड आला तर मोड मी तुम्हाला खायला घालेन."

मी मेल्चोराकडे बघितलं. ती ट्रकच्या आरशाचा गोंडा पुसत होती. आत्तापासूनच!

मग निळ्या दोरीचं पोतं निघालं, ते खायचं, पण साल त्याचीही काढायची होती. मशीनवरनं सोलून आणायचा मार्ग आहे, सोसायटीत मशीन आहे, पण सासूबाईंचं म्हणणं, मशीनचा किनोआ कोंबड्यांनी खावा. म्हणजे मी तुडवायचा. चुलीवर भाजला, साल घासली जावी म्हणून पांढरी माती टाकली, दगडी कुंडीत ओतला, आणि सासूबाई म्हणाल्या, "उतरा."

"गरम आहे हो!"

"गारठला तर साल सुटते का? पाय भाजतात? मग नाचा!"

आणि नाचलो हो! पन्नाशीचा माणूस, विजार गुडघ्यापर्यंत, भिंतीला धरून, कमरेत वळून, टाच फिरवायची, चवडा फिरवायचा, टाच, चवडा... बँडवाल्यांना राहवलं नाही, ओल्या गणवेशातच ढोल काढला! अर्धा तास! मला वाटलं कौतुकानं वाजवतायत, नंतर कळलं, कपडे वाळेपर्यंत त्यांना दुसरं काम नव्हतं. मग उफणणी. मग धुणं... आणि पाणी कुठंय? टाकी रिकामी! तेव्हा कासिमिरा घरात गेली आणि आपल्या पिण्याच्या पाण्यातली घागर घेऊन आली. "तू फेस दिलास, मी पाणी देते." मग तिची नणंद. मग सगळ्याच. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सासूबाई म्हणाल्या, "तेही टबात पडू द्या, वाया नको."

पहिलं पाणी. "फेस गेला का?" "नाही." चौथं. "फेस गेला का?" "थोडा आहे." हात बर्फ झाले, बोटं कुठं संपतात आणि किनोआ कुठं सुरू होतो कळेना. सातवं. आठवं... स्वच्छ! नितळ! तळाचा दाणा न् दाणा दिसतोय! आणि तेव्हा, का कुणास ठाऊक, मेल्चोराचे हात आठवले. बावीस वर्षं रोज त्या हातांनी वाटी माझ्यासमोर ठेवली, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं, फेस गेला का म्हणून. वाईट वाटलं हो. मनापासून वाटलं. पण म्हटलं, आधी ट्रक वाचवू, मग वाईट वाटून घेऊ!

शिजवला. घोटला. दूध घातलं, चीज घातलं, शेजारी त्या तीन मुठी भाजी, लसणाची फोडणी देऊन. सासूबाईंनी चमचा उचलला. गाव भिंतीवर. चमचा तोंडात. आणि सासूबाईंनी, देवाशपथ, डोळे मिटले! दुसरा चमचा. तिसरा. भाजी संपली. वाटी तिरपी केली, बोटानं पुसली, बोट चाटलं, वाटी खाली ठेवली. रिकामी! मी उडी मारली! "किल्ली! किल्ली दे माझी!"

"थांब," मेल्चोरा म्हणाली. वाकली. "हे काय आहे?"

वाटीच्या तळाशी... एक बुडबुडा.

एक! एवढासा! टाचणीच्या डोक्याएवढा!

"दुधाचा आहे!" मी ओरडलो.

"काहीही उरता कामा नये, असं ठरलं होतं," ती म्हणाली.

"बुडबुडा म्हणजे काही असतं का? आत काय आहे त्याच्या? हवा!"

"मग उरलं ना, हवा तरी उरली!"

पंचाला बोलावलं. सेवेरोनं चष्मा लावला, वाटीवर ओणवा झाला, त्याच्या मागं अख्खं गाव ओणवं. म्हणाला, "फुटेपर्यंत थांबू. फुटला तर फाउस्तोचा, राहिला तर बाईचा." आमच्या इथला वारा तुम्हाला माहीत आहे, पत्रे उडवतो, मेंढ्या उडवतो, त्या दिवशी पान हलेना! दहा मिनिटं झाली. मी हळूच फुंकर मारायला गेलो तर शिट्टी! अर्धा तास. बुडबुडा आपला बसलाय, इंद्रधनुष्य दाखवतोय. शेवटी सेवेरो सरळ झाला, आणि मला आजही वाटतं की त्यानं निकाल त्या कुत्र्याच्या रागानं दिला, पण त्यानं विचारलं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर, "फाउस्तो कोल्के, फेस गेला का?"

काय सांगणार? खोटं बोलू? डोळ्यांसमोर होता! "नाही," म्हटलं, "नाही गेला."

किल्ली मेल्चोरानं टोपीत ठेवली. आणि जशी तिनं ती टोपी डोक्यावर दाबली ना, टप्प, तसा बुडबुडा फुटला!

तेव्हापासून हे असं. ती माणसं आणते, मी रांधतो. आणि ऐका, तो आवाज ऐकू येतोय? चढावरनं येतेय ती खालच्या फाट्यावरची दुसरी खेप घेऊन... आत्ता बघा, तिसरा टाकेल... टाकला. खिंकाळला? हूं नाही की चूं नाही! पहिल्या दिवसापासून असाच, लोण्यात सुरी जावी तसा! सीटवर म्हणे तिनं उशी ठेवलीय, माझ्या खड्ड्यात तिला नीट बसता येत नाही... आली, आली, फाटकात आली. वाट्या घ्या हातात, पण झाकणाला हात नाही! आता बघा, काच खाली करेल, हॉर्न दोनदा देईल, आणि काय विचारेल ते तुम्हीच सांगा...

"फाउस्तो! फेस गेला का?"

गेला गं, गेला! किनोआचा गेला... आता माझ्या तोंडाला आलाय!