तिसरी हाक

आवाज क्लिअर, आवाज क्लिअर म्हणून माझं डोकं खाऊ नका. क्लिअर आवाज काय करतो ते मला विचारा.

बोटीवर कामाला असलेल्या मेव्हण्याने मला वॉकमन दिला होता. तो कानाला लावून मी लाटंबार्से गावच्या काजूच्या झाडांमध्ये भर दुपारी एकटाच बिया गोळा करत होतो. कॅसेट भजनाची, घरी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली. मध्येच अगदी मानेमागून हाक आली, "शाणू!"

माझ्या अंगावर काटा आला. रानातल्या देवचार नावाच्या भुताबद्दल आई नेहमी सांगायची, "एका हाकेक ओ देऊ नको. देवचार एकदाच हाक मारता, माणूस तीनदा मारता."

मागे न बघता मी हेडफोन काढला. सगळं चिडीचूप. परत लावला, तर परत, "शाणू!"

बिया तिथेच टाकून मी पळत सुटलो. भजन कानात चालूच. रस्त्याला लागतो न लागतो तोच तिसरी आली, "शाणू रे, च्या निवली!"

कॅसेट भरताना आईने स्वयंपाकघरातून मारलेल्या हाका. घरच्या टेपरेकॉर्डरच्या खरखरीत त्या कधी ऐकूच आल्या नव्हत्या. आईला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

तीन हाका झाल्या होत्या. मी भर रस्त्यात मोठ्याने ओ दिली.