गुडघ्याखालची उशी

...नाई जी, उशी नको! तुमीबी तेच कराले लागले? बसा खुर्चीवर, आन् थे उशी तुमच्याच पाठीशी घ्या. तुमाले सांगतो, या उशीनं माह्या जिवाचं जेवढं वाटोळं केलं ना, तेवढं ऑपरेशननंबी नाई केलं!

झालं काय, विश्वकर्मा पूजेच्या दिवशी पोलादाच्या प्लांटात आमच्या शॉपची, म्हंजे खात्याची, रस्साखेच होती. क्रेन ऑपरेटर माणूस मी, जन्मभर टनानं लोखंड उचललं, पण बसल्या बसल्या, दांडा हलवून! इथं दोर हातात आला आन् गुडघ्यात कट्! लिगामेंट गेलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरनं बजावलं, "दौलतराव, उशी फक्त टाचेखाली. गुडघ्याखाली घ्याल तर आराम वाटेल, पण पाय वाकडा राहील. मग क्रेनची शिडी विसरा." सोपं होतं का नाई?

पण आमच्या प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दहामंदी, बिमार माणूस म्हणजे साऱ्या प्लांटचा! दुपारी ए-शिफ्ट सुटली का ते येतात, बी-शिफ्टवाले ड्युटीवर जाता जाता डोकावतात, आन् रातपाळीवाले तर सकाळी, मी दात घासाच्या आंधी! केळं ठेवतात, पाय पाहतात. ए-शिफ्टचा केवलराम आला, "अरेरे, दौलत! गुडघ्याखाली हे पोकळ कावून? घरात उशी नाई का?" आन् दिली ना खुपसून! माही पोरगी नूतन ओरडली, "अंकल, डॉक्टर ने मना किया है!" तर म्हणते कसा, "बेटा, दुखते डॉक्टरले का तुह्या बापाले?" प्रेमानं येतात जी... बोलाव काय?

शेजारच्या सिंधुताईनं तर खास शिवून आणली, सावरीच्या कापसाची, वर मोर काढलेला! कुम्हारीहून साळा आला, त्यानं दोन घातल्या! आन् खोटं काहाले सांगू, इतलं बरं वाटे का डोळेच मिटत. एक गेला का काढाव म्हणाव, तर दुसरा दारात. आमची मंडळी दटावे, "राहू द्या ना, मनाले लावून घेतीन थे." प्रेमानं येतात... बोलाव काय?

मले भेव एकच होतं, क्रेन सुटाचं. वर केबिनमंदी मी एकटा, खाली सारा कल्ला! साहेबाले बोलाचं असन तर त्यालेबी मान वर करा लागे! तिथं जाण्यासाठी जीव तुटे माहा.

परवा ड्युटीच्या फिटनेस तपासणीले गेलो. डॉक्टरनं गुडघा दाबून पाहिला. पाय काई सरळ होईना. "उशी घेतली होती ना?" आता कोणाकोणाचं नाव सांगू? म्हणे, "वर चढणं बंद. आता खाली, टेबलाचं काम करा." दवाखान्यापासून घरापावतर ऑटोत रडू येऊन राहिलं होतं.

आन् संध्याकाळी लहानू आला, पेढे घेऊन. माह्याच हाताखाली तयार झालेला, दोन लेकरांचा बाप. माही क्रेन त्यालेच भेटली. पाया पडला, त्याच्याबी डोळ्यात पाणी. म्हणे, "भाऊ, तुमची क्रेन थांबताना खालचं लोखंड लई झोका घेते. कसं सांभाळत होते तुमी?"

...मनात आलं, नाईच सांगत. खाऊ दे झोके! क्रेन देताना मले कोणी विचारलं होतं?

मंग सांगितलं. दांडा कवा सोडाचा, कवा धराचा, सारं सांगितलं, हात धरून दाखवलं. माही क्रेन देऊन टाकली मी त्याले, या पलंगावरून.

प्रेमानं आला होता जी... बोलाव काय?